सखातात्यांचा मळा लावायचा राहिला

"आमच्या आंबेकोंडात बाईमाणसाच्या अंगाला कोणी बोट लावत नाही," सखातात्या माईकवर बोलले. माईक त्यांनी एवढा तोंडाशी धरला होता की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी कानात पदर कोंबले. "तंटामुक्तीचा अध्यक्ष म्हणून छातीवर हात ठेवून सांगतो. देवरुखात होत असेल, रत्नागिरीत होत असेल, हातखंब्याच्या नाक्यावर तर चहा पिता पिता होत असेल. आपल्याकडं नाही. आपल्याकडं संस्कार आहेत."

टाळ्या पडल्या. पुरुषांच्या बाजूनं जरा जास्त पडल्या.

ग्रामपंचायतीच्या हॉलात सभा होती आणि वर पत्र्यावर पाऊस बडवत होता. रत्नागिरीतली एक संस्था गावाला 'निर्भय गाव' असा बोर्ड देणार होती. त्याआधी गाव बघायला म्हणून संरक्षण अधिकारी श्रुती मॅडम आल्या होत्या. घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घ्यायच्या आणि बाईबरोबर पोलीस ठाण्यात, कोर्टात उभं राहायचं, हे त्यांचं काम. बोर्ड अजून मिळायचा होता, पण सखातात्यांनी तिठ्यावर सिमेंटचा कट्टा घालून लोखंडी खांब उभासुद्धा केला होता. सध्या त्यावर कावळा बसायचा.

"आता पाहुण्यांना ओवाळतील आमच्या सूनबाई," तात्या बोलले.

योगिनी ताट घेऊन पुढं आली. ताट डाव्या हातात, उजवा हात पदराखाली. मॅडमसमोर आल्यावर उजवा हात बाहेर काढावाच लागला. मनगट सुजून दुप्पट झालेलं, वरून काळंनिळं, आणि त्या हातात एकही बांगडी नाही. तिनं ताट दोन्ही हातांनी धरलं तसं ते एका बाजूला कललं. निरांजन विझलं. नारळ घरंगळला तो मॅडमच्या चपलेला लागून थांबला.

"हाताला काय झालं?" मॅडमनी विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर घरात ठरलेलं होतं. घोटाळा एवढाच, की तिघांनी तीन ठरवलेली होती.

"न्हाणीत घसरली," सासू सगुणा बोलली.

"माळ्यावरून पडली," नवरा दीपक बोलला.

"गायीनं शिंग मारलं," सखातात्या बोलले. माईक चालूच होता, त्यामुळं गाय गावभर ऐकू गेली.

मग मागच्या रांगेतून बौद्धवाडीतली चंपाकाकी बोलली, "तात्या, तुमची गाय कवाच विकलीत. ती काय मारायला मुद्दाम परत आली होती?"

बायकांच्या बाजूला हसू फुटलं. योगिनी हसली नाही. तिनं खाली वाकून डाव्या हातानं नारळ उचलला, ताटात ठेवला आणि मॅडमकडं बघून बोलली, "ह्यांनी पिळला. ह्यांचे दोस्त ओटीवर बसले होते. मी बोलले, पॉवर टिलर वाकडा चालवता, बांध फुटला. बांध खरंच फुटला होता. दोस्त गेल्यावर आत आले आणि पिळला. पहिल्यांदा नाय."

दीपक पंख्याकडं बघायला लागला. पंखा बंद होता.

"तक्रार द्यायचीय?"

"देणार."

"घर सोडून दुसरीकडं राहायचं असेल तर सोय होते."

"मी कशाला घर सोडू?" योगिनी बोलली. "मी काय कोणाचा हात पिळला? मला ह्याच घरात राहायचंय. हातपाय शाबूत ठेवून. आणि बोलायचं ते बोलून."

मॅडमनी बोर्डाचं नाव काढलं नाही. चहा तसाच ठेवून त्यांनी योगिनीला गाडीत घातलं, आधी डॉक्टरकडं आणि मग पोलीस ठाण्यात नेलं. गाडी तिठ्यावरून गेली तेव्हा कावळा खांबावरच होता.

दुसऱ्या दिवशी सखातात्यांच्या ओटीवर तंटामुक्ती समिती बसली. तात्या अध्यक्ष. दुकानदार केतन, निवृत्त गुरुजी आणि पोलीस पाटील हे सदस्य. दीपक आरोपी होता, पण घर त्याचंच म्हणून तोही खुर्चीवर बसला.

"स्त्री ही शक्ती आहे," गुरुजींनी सुरुवात केली. "शक्तीला शांत ठेवणं हे—"

"एक साडी घेऊ," केतन बोलला. "माझ्याकडं नवा माल आलाय. आणि दीपक घरातल्या घरात सॉरी बोलेल. मग तक्रार मागं. घरातलं घरात."

"साडी कुठल्या रंगाची?" पोलीस पाटलांनी विचारलं, आणि त्यावर बराच वेळ गेला.

रंग ठरला तेव्हा घसा कोरडा झाला होता. तात्यांनी आत हाक मारली, "सूनबाय, समितीला चहा टाक गो."

योगिनी बाहेर आली. उजवा हात पट्टीत, गळ्याला अडकवलेला. डाव्या हातात रिकामं पातेलं. ते तिनं तात्यांच्या पुढ्यात ठेवलं. "समितीनं माझ्या हाताचाच विचार चालवलाय ना मामंजी? मग हात बरा होईस्तोवर चहा समितीनं करावा. गॅस आत उजवीकडं."

पाचही जणांनी आत जाऊन बघितलं. साखर सापडली. चहापत्ती कशात ठेवतात हे दीपकला माहीत नव्हतं. हे त्याचंच घर होतं, जन्मापासून. साखरेचं गरम पाणी पिऊन ते परत ओटीवर येऊन बसले.

तेवढ्यात अंगणात बायका आल्या. कोणाच्या तरी मळ्यात लावणी करून येत होत्या. डोक्यावर प्लास्टिकच्या खोळी, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं लाल. पुढं चंपाकाकी.

"तात्या," ती बोलली, "उद्या तुमच्या मळ्याचा नंबर होता."

"होता म्हणजे? हाय."

"होता."

आंबेकोंडात लावणीला मजूर लावायची पद्धत नाही. दोन्ही वाड्यांतल्या बायका मिळून लावतात. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, हाताला हात फेडायचा. पुरुषांनी चिखल करून द्यायचा आणि बांधावर उभं राहून पाऊस किती पडतोय ते सांगायचं. कोणाचा तरवा, म्हणजे वाफ्यातलं भाताचं रोप, कधी काढायला आलं हे चंपाकाकी नुसतं लांबून बघून सांगते, म्हणून नंबर तीच लावते. तरवा वेळेत उपटला नाही की जून होतो, आणि जून तरवा लावून लोंबी धरत नाही.

"आमच्या बायकांचं ठरलंय," चंपाकाकी बोलली. "ज्या घरात बाईच्या अंगावर हात उठला, त्या घरच्या चिखलात आमचा पाय पडणार नाय. आज तुमचं घर, उद्या कोणाचंय असो. माझं असलं तरी तेच."

"कवापर्यंत?"

"दीपकनं काय केलं ते माईकवर बोलेपर्यंत. तुमी बोललात त्याच माईकवर. आणि तक्रार मागं घे असं हिला ह्या घरातल्या कोणी बोलायचं नाय. ती पोलिसात हाय, मॅडमकडं हाय, तिथं चालू दे."

"हे ब्लॅकमेल झालं," केतन बोलला.

"केतन, तुजा मळा तात्यांच्या मागनं हाय नंबरला," चंपाकाकी त्याच्याकडं न बघता बोलली. केतन गरम पाण्याचा कप हुडकायला लागला.

सखातात्या हसले. उठून उभे राहिले, धोतर झटकलं. "भात लावायला काय कॉलेजात जावं लागतं? वाकायचं आणि खोचायचं. आमी पाच गडी हाय. उद्या दुपारपर्यंत मळा हिरवा दिसंल."

"बरं," चंपाकाकी बोलली. "लावा."

सकाळी पाऊस बारीक होता. मळ्यात चिखल करायला दीपक पॉवर टिलर घेऊन उतरला. पलीकडच्या मळ्यात बायकांची ओळ वाकलेली होती आणि बांधावर योगिनी डाव्या हातानं त्यांच्यापर्यंत रोपांच्या मुठी फेकत होती. ती बघतेय हे दीपकला माहीत होतं. म्हणून त्यानं टिलर मुद्दाम सरळ न्यायला घेतला. नाकासमोर बघत, छाती काढून. सरळ बघताना पायाखाली बघायचं राहिलं. चिखलात पाय गेला आणि तो बुडावर बसला. टिलर मात्र बसला नाही. तो तसाच पुढं चालत राहिला, बांधावर चढला, पलीकडं उतरला आणि तरव्याच्या वाफ्यात शिरला.

"अरे धर त्याला," तात्या ओरडले.

टिलरला कोण धरणार? गुरुजी त्याच्या मागनं थोडं चालले. अर्धा तरवा नांगरून झाल्यावर टिलर आंब्याच्या खोडाला लागला आणि धुगधुगत थांबला.

बायकांची ओळ सरळ होऊन बघत होती. योगिनीनं पुढची मूठ उचलली. पण हसू दाबताना दुखरा हात हलला असावा, तिनं तो छातीशी धरला आणि डोळे मिटले. ते दीपकनं बघितलं. मग चिखलातून चप्पल शोधायला वाकला, आणि ती सापडल्यावरही बराच वेळ वाकूनच राहिला.

उरलेल्या तरव्यातला थोडा उपटून पाचही जण मळ्यात उतरले. पहिली काही रोपं बरी लागली. मग पलीकडनं सगुणाच्या शेजारणीनं, सखूनं, हाक दिली, "ओ तात्या, मागं सरत लावतात ते. मागं सरा."

भात लावणारी बाई पुढ्यात रोप खोचते आणि पाऊल मागं घेते. त्यामुळं लावलेलं पुढ्यात राहतं. हे सखातात्यांनी जन्मभर बांधावरून बघितलं होतं. पण बायकांनी सांगितल्यावर ते करणं शक्य नव्हतं.

"पुरुषमाणूस मागं सरत नाय," तात्या बोलले. "चला रे. पुढं."

पाच गडी पुढं निघाले. वाकून खोचायचं आणि पाऊल पुढं टाकायचं. पुढं म्हणजे नुकत्याच खोचलेल्या रोपावर. तात्या आपलं लावलेलं आपणच तुडवत होते, आणि त्यांच्या मागं गुरुजी होते ते तात्यांनी चुकून वाचवलेलं तुडवत होते. कोणी मागं वळून बघितलं नाही, कारण वळायला कंबर तयार नव्हती.

मधेच पोलीस पाटलांचा मोबाईल खिशातून चिखलात पडला. कुठं पडला कळेना. केतननं त्या नंबरावर फोन लावला तेव्हा चिखलाच्या आतून गणपतीची आरती वाजायला लागली. सगळे आवाजाच्या दिशेनं हातानं उकरायला लागले. रोपं उपटून बाजूला, चिखल बाजूला. आरती इकडून वाजायची, तिकडं उकरलं की गप्प व्हायची. मोबाईल सापडला तेव्हा मळ्याचा तो कोपरा डुकरं येऊन गेल्यासारखा झाला होता.

संध्याकाळी तात्या बांधावर चढले ते वाकलेलेच. सरळ व्हायला बघितलं तर कमरेत कळ आली. तसेच वाकून मळ्याकडं बघून बोलले, "काय वायट नाय." मग तसेच वाकून घरी गेले. वाटेत त्यांना बायका भेटल्या. सखू बोलली, "तात्या, नमस्कार एवढा वाकून नको हो."

सकाळी मळ्यात रोपं नव्हती. पाणी होतं, आणि पाण्यावर सगळी रोपं आडवी तरंगत बांधाच्या तोंडाकडं चालली होती. तिथनं खाली केतनच्या मळ्यात पडत होती.

"केतन, तुजी लावणी झाली," पोलीस पाटील बोलले.

तात्या दमले, पण हरले नव्हते. त्यांनी ओळखीच्या माणसाला फोन करून हातखंब्याच्या नाक्यावरनं मजूर बायकांचा टेम्पो मागवला. दुपारी टेम्पो आला. बायका उतरायच्या आत त्यातली एक जाडजूड बाई, दर्शना तिचं नाव, फळीवरनं वाकून बोलली, "ते हात पिळलेलं घर हेच काय ओ?"

"तुला कोणी सांगितलं?" तात्यांनी विचारलं.

"तुमीच तर माईकवर गायीचं बोललात म्हणे. आख्ख्या नाक्यावर तीच गोष्ट चाललीय." ती ड्रायव्हरकडं वळली. "फिरव रे. आपल्याला नको इथलं काम."

टेम्पो फिरवताना मागचं चाक चिखलात गेलं. ड्रायव्हर खाली उतरला आणि तात्यांच्या समितीकडं आशेनं बघायला लागला. बायका आत बसून राहिल्या. शेवटी गुरुजी, केतन, पोलीस पाटील आणि दीपक यांनी मागनं ढकलून टेम्पो वर काढला. चाकानं चौघांच्या तोंडावर चिखल उडवला आणि मजूर बायका हात हलवत निघून गेल्या.

संध्याकाळी तात्या ओटीवर पालथे पडले होते. आत चुलीपाशी सगुणा भाकरीचं पीठ मळत होती. योगिनी पलीकडं बसून डाव्या हातानं लसूण सोलायचा प्रयत्न करत होती. दीपकची चाहूल लागली की तिचा खांदा आपोआप वर जायचा, कानाला लागायचा आणि मग हळूहळू खाली यायचा. सगुणा ते बघत होती. बऱ्याच दिवसांपासून बघत असावी.

"सगुणा," बाहेरून तात्यांची हाक आली, "वायच तेल लाव गो कमरेला."

सगुणा हात न धुताच बाहेर आली. तेलाची वाटी आणली नव्हती.

"तुमी माईकवर बोललात, आपल्याकडं कोणी बोट लावत नाय," ती बोलली.

"तो विषय संपला आता."

"माजा हा दात कुठं गेला?" तिनं ओठ बाजूला करून दाखवला. पालथं पडल्यामुळं तात्यांना दिसला नाही. पण दिसायची गरज नव्हती.

"अगो ते किती जुनं झालं."

"न्हाणीत घसरली," सगुणा बोलली. "ते उत्तर माजं होतं. माज्या सासूनं मला दिलेलं. मी तसंच जपून ठेवलं आणि हिला दिलं." तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "बस झालं. उद्यापासून मी चंपाच्या ओळीत जातेय. तुमच्या मळ्यात तुमी लावा."

"आणि जेवण?"

"चहापत्ती फळीवर मधल्या डब्यात हाय. तिथनं सुरुवात करा."

ती आत गेली आणि योगिनीच्या पुढ्यातला लसूण ओढून घेऊन भराभर सोलायला बसली. योगिनीनं तिच्याजवळ सरकून लसणाचं ताट धरलं, ते हलू नये म्हणून.

दीपक दारात उभा होता. आईचं सगळं त्यानं ऐकलं होतं. तो बापाकडं बघत होता. तात्या त्याच्याकडं बघत नव्हते.

"बाबा, तुमीपण?" दीपकनं विचारलं.

"तू गप," तात्या बोलले. पण आवाजात माईक नव्हता.

दोन दिवस पाऊस लागून राहिला. बाकीचे मळे हिरवे झाले. सखातात्यांचा मळा आभाळ दाखवत पडला होता, आणि वाफ्यात उरलेला तरवा पिवळा पडायच्या बेतात होता. मधे श्रुती मॅडमचा फोन आला. दीपकला रत्नागिरीला बोलावलं होतं, जबाब द्यायला. तो गेला. एसटीनं गेला आणि एसटीनं आला. जाताना समितीतला कोणी बरोबर आला नाही. केतननं तर त्याला दुकानात बघितल्यावर आत जाऊन पोती मोजायला घेतली.

परत आल्यावर दीपक थेट चंपाकाकीच्या मळ्याच्या बांधावर गेला. ती वाकलेली होती.

"काकी, माईक कुठाय?"

"हॉलात हाय. मशीन ओलं करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी सखातात्यांच्या बांधावर माईक आला. पावसानं उघडीप दिली होती. पोलीस पाटलांनी वायर केतनच्या पंपाच्या खोलीतून आणली. चंपाकाकीनं माईक हातात घेऊन दोनदा टकटक केलं आणि तपासला. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमांत वर्षानुवर्षं बोललेली बाई, माईक कसा धरायचा हे तिला तात्यांपेक्षा चांगलं माहीत होतं.

बायका बांधावर ओळीनं उभ्या राहिल्या. सगुणा त्यांच्यात. योगिनी जरा बाजूला, पट्टीतला हात छातीशी.

दीपकनं माईक धरला. "माझ्याकडून काही चुकलं असेल तर—"

"असेल तर नाय," चंपाकाकी बोलली. "चुकलं का नाय?"

"चुकलं."

"काय?"

"योगिनीच्या हाताला थोडं लागलं."

"आपोआप लागलं?" सखूनं विचारलं. "का परत गाय आली?"

पुरुषांच्या बाजूनंसुद्धा कोणीतरी हसलं. दीपकचे कान लाल झाले. हातातला माईक खाली आला. त्याचे कान लाल झाले की पुढं काय होतं हे निदान एकीला माहीत होतं. योगिनीचा खांदा वर गेला. पण पाय हलले नाहीत. ती तिथंच उभी राहिली आणि सरळ त्याच्याकडं बघत राहिली.

दीपकनं माईक परत वर घेतला.

"मी तिचा हात पिळला," तो बोलला. आवाज मळ्यावरनं जाऊन पलीकडच्या डोंगरावर आपटला आणि परत आला. "मुद्दाम पिळला. ती खरं बोलली म्हणून. त्याच्या आधीपण मारलंय. परत नाय करणार. केलं तर—"

"केलं तर मी फोन लावणार," योगिनी बोलली. माईक नसताना बोलली, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मॅडमना आणि पोलिसांना. आणि तू इथं उभा राहून बोल्लास म्हणून तक्रार काय मागं घेणार नाय. ती चालूच राहणार."

"चालू दे," दीपक बोलला.

चंपाकाकीनं माईक त्याच्या हातातून काढून तात्यांच्या पुढं धरला. तात्यांनी मागं सरायला बघितलं, पण मागं पाणी होतं.

"मी पुढच्या सभेत सविस्तर बोलेन," ते बोलले.

"नको," सगुणा बोलली. "इथंच थोडक्यात बोला."

सखातात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माईक तोंडापासून लांब धरला. "मीपण हात उचललाय," ते बोलले. "सगुणावर." मग त्यांना आपण अध्यक्ष आहोत हे आठवलं आणि ते पुढं बोलायला लागले, "तरी ह्या निमित्तानं गावाला मी एवढंच आवाहन करतो की—" तेवढ्यात पोलीस पाटलांनी वायर ओढली.

चंपाकाकीनं साडी खोचली, वाफ्याकडं एक नजर टाकली. "तरवा अजून दोन दिवस गेला असता तर गेलाच होता," ती बोलली. "चला गो."

बायका मळ्यात उतरल्या. उतरल्या तशी ओळ झाली आणि ओळ झाली तशी ती मागं सरायला लागली. वाकलेल्या पाठी, खोचलेले पदर, पाण्यात पडणाऱ्या मुठींचे आवाज. तरवा अर्ध्याहून कमी उरला होता. मग सखूनं आपल्याकडच्या उरलेल्या मुठी आणल्या, आणि केतनला त्याच्या मळ्यात वाहून गेलेली तात्यांची रोपं उपटून परत आणायला लावली. बांधावरून योगिनी डाव्या हातानं मुठी फेकत होती. सुरुवातीला वाकड्या पडायच्या, आता जिथं पाहिजे तिथं पडत होत्या.

"सूनबाय," सगुणानं ओळीतूनच हाक मारली, "इकडं वायच लांब फेक."

"घ्या आई," योगिनीनं मूठ फेकली ती सासूच्या हातात बसली.

ज्याच्या मळ्यात लावणी असते त्यानं बायकांना दुपारचं जेवण द्यायचं असतं. ह्या घरातल्या दोन्ही बायका मळ्यात होत्या. भाकऱ्या सगळ्यांनी शहाणपणानं आपापल्या घरून बांधून आणल्या होत्या. उसळ मात्र तात्या आणि दीपकवर आली होती. काळे वाटाणे सगुणानंच भिजत घातले होते, नाहीतर तेही राहिले असते. आत घरात बापलेकांचं काय बोलणं झालं ते कोणाला कळलं नाही. बहुतेक झालंच नसावं.

दुपारी दीपक डोक्यावर टोप घेऊन बांधावरून आला. मागनं तात्या कमरेत वाकून, हातात पळी. बायका बांधावर बसल्या, पाय पाण्यात सोडून. दीपकनं त्यांच्याकडून पळी घेऊन एकेकीच्या भाकरीवर उसळ वाढली. योगिनीच्या भाकरीवर वाढताना थोडी उसळ तिच्या पदरावर सांडली.

"पुसतो," तो बोलला.

"राहू दे."

तिनं घास घेतला. सगळ्यांनी घेतला. मग सगळ्या चावायच्या थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. गावात पाहुणचाराला नावं ठेवत नाहीत, आणि आज तर सगळ्यांना दीपकचे कान दिसत होते.

योगिनीनं घास गिळला. "मीठ दोनदा पडलंय," ती बोलली. बायकांसमोर, समितीसमोर, नेहमीच्या आवाजात. "अजिबात खाववत नाय."

चंपाकाकीनं भाकरी खाली ठेवली. सगुणा अर्धी उठली. सगळ्या नजरा दीपकच्या हाताकडं गेल्या. दीपकच्या ते लक्षात आलं. त्यानं हात खिशात घालायला बघितलं, पण हाफपँटला खिसा नव्हता. मग हात कुठं ठेवायचे हे न सुचून ते त्यानं टोपाच्या काठाला धरले.

"बाबा, तुमी घातलेलं मीठ?"

"घातलेलं."

"मीपण घातलं." तो योगिनीकडं वळला. "पाणी घालून परत उकळी काढतो. चालंल?"

"चालंल," योगिनी बोलली. "बटाटा टाक त्यात. खार ओढतो."

"बटाटा कुठं असतो?"

"कोपऱ्यात. टोपलीत."

दीपकनं टोप उचलून डोक्यावर घेतला आणि घराकडं निघाला. बांधाच्या वळणावर शेवाळावरून त्याचा पाय सटकला. तो मळ्यात बसला आणि उसळ सगळी चिखलात गेली. बायकांनी कोरडी भाकरी पाण्याबरोबर खाल्ली आणि परत ओळीला लागल्या. टोप खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सापडला. झाकण सापडलं नाही.